एका मजूर बाईच्या साहाय्याने

गोंदिया, ७ सप्टेंबर १९५९

सौ. सुशिलाबाई यांस,

तुमचं पाकीट परवा मिळालं. दोन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. आत खुशालीच्या चार ओळी असतील असं वाटलं होतं, निघाली टाइप केलेली अकरा पानं. 'महिला बागकाम मंडळ, गोंदिया : दहा वर्षांचा इतिहास.' डिसेंबरच्या समारंभात स्मरणिका निघायची आहे, त्यात हा छापायचा, आणि मंडळाची पहिली अध्यक्ष म्हणून खाली माझी सही हवी. सवड नसली तर न वाचता सही केली तरी चालेल, असंही तुम्ही लिहिलं आहे.

सवड होती. दोनदा वाचला. मुलींचे निबंध तपासायची लाल पेन्सिल घेऊन बसले होते, ती पहिल्याच पानावर थांबली. तुम्ही लिहिता : 'सन १९४९ मध्ये शहरातील काही सुशिक्षित भगिनींनी दवाखान्यामागील पडीक जागेवर, एका मजूर बाईच्या साहाय्याने, भाजीपाल्याची सुंदर बाग फुलविली.'

एक मजूर बाई. अकरा पानांत ती एवढीच आहे. गिरणीवाल्या चुन्नीलाल सेठांनी विहिरीवर बसवून दिलेल्या पंपाला दीड पान आहे. पंपाचा रंगसुद्धा लिहिला आहे.

तुम्ही विसरला असाल तर मी आठवण देते. आपण सहा जणी होतो. दवाखान्यामागे विटांचे तुकडे आणि कमरेएवढं तरोट्याचं रान. आपण पंधरा दिवस खपून शेवंती आणि झेंडू लावले आणि महिन्याभरात सगळं जळून गेलं. दवाखान्यात फरशी पुसणारी आया व्हरांड्यातून आपला तमाशा रोज बघत होती. एके दिवशी ती फडकं खांद्यावर टाकून खाली आली आणि तुम्हालाच म्हणाली, "बाई, माती मेलेली हाये. मेलेल्याच्या उरावर फुलं कायले लावून राहिल्या?"

ती सुमित्राबाई डोंगरवार. अर्जुनीकडच्या कोहळ्यांच्या घरातली. तिच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले. जमिनीकडे नुसतं पाहून पाणी कोणत्या अंगाला जाईल ते ती सांगायची. तिने आपल्याला बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ आणायला लावला, पाट काढायला लावले. फुलं मग लावा, आधी रोग्यांना भाजी घाला, हे तिचंच म्हणणं. वांगी, दोडके, चवळी, लाल भाजी. पुढे सात वर्षं रोज सकाळी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दोन टोपल्या गेल्या. ज्याला तुम्ही पान चारवर 'मंडळाचे अखंड सेवाकार्य' म्हटलं आहे, ते हे.

आणि पटकीचं वर्ष. १९५३ चा मे महिना. तुम्ही लिहिता, 'मंडळाच्या सेविकांनी अहोरात्र शुश्रूषा केली.' कोणत्या सेविकांनी? चौघींनी घराची दारं लावून घेतली होती. मी गेले, कारण शाळा बंद होती आणि घरात माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. आलात हे खरं, आणि त्यानंतर हटला नाहीत हेही खरं. पण व्हरांड्यात ओळीने माणसं पडलेली पाहून तुम्ही खांबाला धरून ओकलात, तेव्हा तुमचं डोकं धरलं ते सुमित्राबाईने. पेजेची वाटी रोग्याच्या ओठाला कशी लावायची, थेंब थेंब कसं पाजायचं, ते तुमच्या हाताला धरून तिने शिकवलं. बागेतली सगळी लिंबं त्या वीस दिवसांत संपली. कच्चीसुद्धा.

१९५६ साली मंडळाने तिला काढून टाकलं. तुमच्या इतिहासात ते साल फक्त 'भव्य पुष्पप्रदर्शना'चं आहे.

सही करणार नाही. तिचं नाव घाला आणि पुन्हा पाठवा.

शामकला पटले

•

गोंदिया, २१ सप्टेंबर १९५९

सुशिला,

आता 'बाई' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. तुझं उत्तर वाचल्यावर मान देण्याजोगं काही उरलं नाही.

तू लिहितेस, जुनं उकरून कोणाचं भलं होणार नाही. तू लिहितेस, सुमित्राबाईला चोरीच्या आळामुळे काढलं होतं, अशा बाईचं नाव स्मरणिकेत आलं तर मंडळाची शोभा होईल.

चोरी. हा शब्द तू तुझ्या हाताने लिहिलास. अक्षर नेहमीसारखं टपोरं आहे.

हे पाकीट बंद आहे आणि मी ते स्वतः टपालात टाकणार आहे, म्हणून लिहिते. तुझे यजमान केशोराव घरी नसताना वाच.

त्या साली मोठे अधिकारी येणार म्हणून फुलांचं प्रदर्शन ठरलं. चुन्नीलाल सेठांच्या घरच्या शकुंतलाबाई तेव्हा नव्याने अध्यक्ष झाल्या होत्या आणि मी उपाध्यक्ष. भाजीचे वाफे मोडून गुलाब लावायचे असं सेठाणींनी ठरवलं. सुमित्राबाईने सरळ नाही म्हटलं. रोगी काय गुलाब खातील का, असं सगळ्यांसमोर विचारलं. सेठाणींना ते लागलं. अशातच कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की सुमित्रा रोज संध्याकाळी झाकलेली टोपली घेऊन फाटकाबाहेर जाते. झालं. बागेतली भाजी बाहेर विकली जाते, असं ठरून गेलं आणि सभा बोलावली.

दवाखान्याचा तो लांब बाक आठवतो? आपण सगळ्या बाकावर आणि ती समोर उभी. तिला बसायला सांगायचं कोणाला सुचलं नाही. सेठाणींनी विचारलं, "टोकरी में क्या ले जाती हो?" ती म्हणाली, भाजी. कुठे नेतेस? त्यावर ती गप्प. पुन्हा विचारलं. तेव्हा तिने मान वर करून एकदा तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तू चिटणीस, सभेचं टिपण तू घेतेस, म्हणून पाहिलं असेल. तू खाली बघून लिहीत होतीस.

मग ती म्हणाली, "कोठी नेतो थे मी सांगत नाई. इकत नाई, येवढं सांगतो."

तिने कमरेची बागेच्या फाटकाची किल्ली काढून बाकावर ठेवली आणि गेली. चोर म्हणून नाव झाल्यावर दवाखान्यातली नोकरी टिकली नाही. महिनाभरात ती गाव सोडून गेली.

ती टोपली कुठे जात होती ते तुझ्या तोंडूनच मला कळलं, तू नागपूरला निघालीस तेव्हा, सामान बांधता बांधता. पांगोली नदीच्या काठी झोपडीत तुझी मावशी होती. तुझी आई गेल्यावर जिने तुला लहानाची मोठी केली, ती. तिला महारोग झाला आणि घरच्यांनी तिला तिथे नेऊन ठेवलं. केशोरावांना माहीत नव्हतं. त्यांची नोकरी चुन्नीलाल सेठांच्या गिरणीत, मुलगी उद्या लग्नाची होणार, हे बाहेर फुटलं तर घर बसेल, म्हणून तू सुमित्राबाईच्या पाया पडलीस आणि तिच्याकडून वचन घेतलंस. तिने ते पाळलं. बाकासमोर उभं राहून पाळलं. एक शब्द तू बोलली असतीस, सगळं नाही, नुसतं 'मला माहीत आहे, ती विकत नाही' एवढंच, तर पुरे होतं.

तू रडलीस तेव्हा मी तुला उठून जा म्हटलं होतं, तुझ्याच घरात. त्याचा मला पस्तावा नाही.

भीती मला कळते. सुशिला, भीतीने माणूस गप्प बसतो हे मी समजू शकते. पण तीन वर्षांनी, नागपुरात खुर्चीवर बसून, कोणी विचारलं नसताना तू तिला पुन्हा चोर लिहितेस, हे कोणत्या भीतीने?

उत्तर लिहू नकोस. मी दसऱ्याच्या सुट्टीत तिच्याकडे जाते आहे.

शामकला

•

गोंदिया, १८ ऑक्टोबर १९५९

सुशिला,

जाऊन आले. छोट्या लाईनच्या गाडीने अर्जुनी, तिथून दोन कोस पायी. हलके धान कापणीला आले होते, बांध ओले, तीनदा घसरले. वाटेत काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. 'मंडळाच्या वतीने', 'झालेला अन्याय', असले शब्द. शाळामास्तरणीची खोड.

तलावाच्या पाळीखाली तिचं भावाच्या हिश्शातलं बांधाएवढं वावर आहे. त्यात ऊस आणि भाजी. ती पाट फोडत होती. केस पांढरे झालेत, बाकी तशीच. मला पाहून तिने हातातलं फावडं खाली ठेवलं नाही. पाट पुरा फोडून झाला, पाणी वाफ्यात गेलं, मग वर आली, घरातून गडव्यात पाणी आणून दिलं. बस म्हणाली नाही. मी आपली ओट्याच्या कडेला टेकले.

मी सांगत सुटले. इतिहास लिहिला जातो आहे, त्यात तुमचं नाव नाही, मी सही करणार नाही, नाव घालायला लावणार. माझा आवाज चढला होता. तुझ्यावरचा राग तिच्या अंगणात ओतत होते मी. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "दवाखान्यातल्या रोग्यायले भाजी जाऊन राहिली का?"

नाही, म्हणाले. तुम्ही गेल्यापासून बंद आहे. सगळीकडे गुलाब आहेत.

"मंग इतिहास कायचा लिवून राहिल्या?"

 भाजी बंद होऊन चार वर्षं होत आली, मी रोज त्या फाटकावरून शाळेत जाते. गुलाब बघते आणि जाते. तुझ्या अकरा पानांवर लाल रेघा मारताना हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मग तिने हळूच विचारलं, "नंदाबाई हाये का?"

तुझ्या मावशीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तू कधी उच्चारलं नव्हतंस. तू सामान बांधताना सांगितलं होतंस तेवढं मी सांगितलं, सत्तावन सालच्या जानेवारीत गेली. ते ऐकून ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. म्हणाली, तिला लाल भाजी आवडायची, बोटं नव्हती म्हणून मी घास करून द्यायची. आणि मग विचारलं, मी गेल्यावर तिला भाजी कोण नेत होतं?

मला उत्तर माहीत नव्हतं. तुला आहे? सुमित्राबाई गेल्यापासूनच्या त्या अकरा महिन्यांत मावशी काय खात होती, कोण तिला भरवत होतं? तुझ्या इतिहासातली अकरा पानं आणि तिचे अकरा महिने. एकेका महिन्याला एक पान भरेल इतकं तरी तुला ठाऊक आहे का?

निघताना मी म्हटलं, सुशिलाने तुमचं वाटोळं केलं. तेव्हा ती जे बोलली ते लिहायचं नाही असं मी गाडीत ठरवलं होतं. चार दिवस झाले, लिहिल्यावाचून चैन नाही.

ती म्हणाली, "सुशिलाबाई भेली होती. तुमी काऊन भेल्या होत्या? फाटकापाशी टोपली तुमीच पायली, बाई. मले इचारलं काऊन नाई?"

•

त्याच पत्रात पुढे, १९ ऑक्टोबर

काल इथे थांबले आणि पाकीट बंद करणार होते. बंद केलं नाही.

मागच्या पत्रात मी 'कोणीतरी कानावर घातलं' असं लिहिलं. ते कोणीतरी म्हणजे मी. एका संध्याकाळी सुमित्राबाई मला फाटकात समोरासमोर आली. टोपलीवर ओलं फडकं. "जातो, बाई" म्हणाली आणि नजर चुकवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सेठाणींकडे चहाला गेले तेव्हा बोलता बोलता मी ते सांगितलं. चोरी हा शब्द मी वापरला नाही. वापरायची गरजच नव्हती.

का सांगितलं? पाहुणे बाग बघायला येत आणि प्रश्न विचारत ते तिला. पहिली अध्यक्ष मी, आणि रोपांची नावं लोक आयाला विचारणार. त्या दिवशी गुलाबांवरून तिने माझ्याकडे वळून 'बाई, तुमी तरी बोला' म्हटलं होतं आणि मी बोलले नव्हते. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला असेन. तिला काढायचं म्हणून सभेत हात वर करायला सांगितले तेव्हा माझा हात पहिला होता. तुझा शेवटचा.

हे सांगून तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. तुला सत्य माहीत होतं, मला नव्हतं. पण मी विचारलं नाही.

शामकला

•

गोंदिया, १५ डिसेंबर १९५९

सुशिला,

परवा रविवारी समारंभ झाला. तू आली नाहीस. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत असं इथे कळलं. होऊ दे चांगलं.

स्मरणिका निघाली. तुझा इतिहास जसाच्या तसा छापला आहे. माझी सही नव्हती म्हणून खाली 'संस्थापक सदस्यांच्या वतीने' असं घातलं आहे. सुमित्राबाईला मी बोलावणं पाठवलं होतं. तिच्या गावचे केवळराम मास्तर, त्यांनी तिच्या वतीने कार्ड टाकलं : 'येणार नाही. भाजी चालू झाली तर कळवावे.'

दुपारी मांडवात दीडशे बायका होत्या. पंपाचं कौतुक झालं, गुलाबांचं झालं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी स्मरणिका उघडली आणि ते वाक्य वाचलं, एका मजूर बाईच्या साहाय्याने. म्हटलं, ह्या बाईचं नाव सुमित्राबाई डोंगरवार. बाग तिने केली, साहाय्य आम्ही केलं. गाळापासून पटकीपर्यंत सगळं सांगितलं. तिला चोर ठरवून काढलं आणि ती चोर नव्हती, हेही सांगितलं. गुलाबांच्या पायी चार वर्षं रोग्यांना ह्या बागेतून भाजीचं पान गेलेलं नाही, हेही.

शकुंतलाबाई सेठाणी उठून उभ्या राहिल्या. आता भांडण होणार असं मला वाटलं आणि खरं सांगते, ते मला हवंच होतं. तीन वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वो भाजी जाती कहाँ थी?"

 तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. केशोराव पुरुषांच्या बाजूला बसले होते, कंपनीच्या कामाने आले होते, तुला ठाऊक असेलच. एक नाव घ्यायचं होतं. तुझ्या मुलीची सोयरीक तिथेच मोडली असती. मला ते करावंसं वाटलं. वाटलं नाही असं लिहिणार नाही.

मी म्हटलं, एका आजारी बाईकडे जात होती. ती आता नाही. तिचं नाव सुमित्राबाईने सांगितलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

सेठाणींनी विचारलं, "और मुझसे कहा किसने था?" त्यांना आठवत नव्हतं की आठवून विचारत होत्या, मला अजून कळलेलं नाही.

"मी," म्हटलं. "मैंने कहा था. तिला न विचारता."

 त्या खाली बसत म्हणाल्या, "पूछा तो मैंने भी बाद में। पहले तो मान लिया था।"

तिथून पुढे कार्यक्रम कसाबसा आटोपला. माझ्याशी कोणी बोललं नाही. चहाला मी थांबले नाही. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका काल मला टाळून पलीकडच्या बाजूने गेल्या. कमिटीने माझं नाव कमी केल्याची चिठ्ठी आज सकाळी आली, त्यात 'मंडळाची अप्रतिष्ठा' असं कारण आहे.

आणि आज शाळेत जाताना पाहिलं तर विहिरीजवळच्या दोन वाफ्यांतले गुलाब उपटून फाटकाशी रचले होते. माळी म्हणाला, सेठाणीजींचा हुकूम. आधी मेथी आणि लाल भाजी घालायची आहे. ज्या बाईला मी सगळ्याचं मूळ समजत आले तिने एका दिवसात हे केलं, आणि आपण दोघी शिकल्यासवरल्या. मला आनंद व्हायला हवा होता. फाटकाशी उभी राहून मी रागाने रडले. इतकं सोपं होतं ते.

मी केवळराम मास्तरांना कार्ड टाकलं आहे : भाजी चालू झाली.

आता तुझं काम. मला पत्र पाठवू नकोस, मी उघडणार नाही. पत्र तिला लिही. नंदाबाईंचे ते अकरा महिने कसे गेले ते तिला सांग, तिने विचारलं आहे. आणि तिला चोर म्हटलंस तेही तूच सांग, मी सांगितलेलं नाही. पत्ता : सुमित्राबाई डोंगरवार, केवळराम मास्तरांमार्फत, पोस्ट अर्जुनी मोरगाव, जिल्हा भंडारा.

एक माहीत असू दे. तिला वाचता येत नाही. टपाल आलं की शाळा सुटल्यावर मास्तर तिच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात, आणि आजूबाजूच्या बाया हातातलं काम घेऊन ऐकायला येतात. तुझं पत्रही तसंच वाचलं जाईल. त्यातलं एक वाक्यही तिला एकटीला ऐकू जाणार नाही.

तरी लिही.

शामकला